टँटी उर्सिलाची समुद्राकडची खोली

थंड मुलखातली माणसं नोव्हेंबरात आपापल्या स्वयंपाकघरात बसून आमची निवड करतात. बाहेर चारलाच अंधारलेलं असतं, हातात चहाचा कप असतो आणि समोरच्या पडद्यावरून आमची बेटं एकामागून एक सरकत जातात. हे नको, इथे पोहायचा तलाव नाही. हे नको, इथे वाळू काळी दिसते. दारात समुद्र असताना तलाव कशाला लागतो, हे मला पन्नाशी आली तरी कळलेलं नाही. मग कुणा अनोळखी माणसाने लिहिलेलं सापडतं, की आंघोळीचं पाणी कोमट होतं. तेवढ्यावर इथल्या एखाद्या बाईचं अख्खं वर्ष बुडतं.

हे मी रागाने लिहिते आहे, मान्य. राग माझ्या नाकावरच असतो, आणि हॉटेलवाल्यांनी किनाऱ्याची वाट बंद केली तेव्हा तो गावाच्या कामीही आला. पण टँटी उर्सिलाचं घर त्या पडद्यामुळे बंद पडलं नाही. ते कसं बंद पडलं यात माझा हात आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

टँटी उर्सिला लेंडोर आमच्या कॅरिअकू बेटावरची, लेस्टेर गावची. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्या गावाची टँटी झाली. सोळाव्या वर्षी ती मोठ्या बेटावर, ग्रेनाडाला, एका हॉटेलात झाडलोट करायला गेली. तिथे दोन वर्षांत चादरीचे कोपरे कसे घालायचे ते शिकली आणि एका सकाळी मालकिणीला "तोंड सांभाळून बोला" असं सुनावून परतीच्या बोटीत बसली. घरी आल्यावर आईने विचारलं, "आता काय करणार गं?" तर म्हणाली, "तेच काम. फक्त घर माझं असेल."

घर व्हायला पुढे वीस वर्षं लागली. तिचा नवरा आल्बन होड्या बांधायचा. होड्यांच्या कामातून उरलेल्या फळ्यांची त्याने तिला समुद्राकडची पहिली खोली बांधून दिली. त्या माणसाला सरळ काही बांधताच यायचं नाही. खोलीच्या छताला होडीच्या पोटासारखा बाक आला. टँटी सगळ्यांना सांगायची, "उलटी केली की तरंगेल." मागून आणखी तीन खोल्या झाल्या, त्या मात्र गवंड्याने बांधलेल्या, सरळ आणि कंटाळवाण्या. पाहुणे कायम बाकाच्या छताचीच खोली मागायचे.

लोकांना वाटतं पाहुणा जागा निवडतो. टँटीच्या घरी उलटं होतं. नवा माणूस आला की आधी ओसरीवर बसवायची आणि माशाच्या रश्श्याचा वाडगा हातात द्यायची. नाव नाही, पासपोर्ट नाही. तो वाडगा कसा धरतो, काटा कुठे ठेवतो, कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आल्बनशी आपणहून बोलतो की नाही, हे बघत ती भांडी विसळत राहायची. पसंत पडला तर किल्ली. नाही पडला तर, "खोल्या भरल्या आहेत हो, रस्सा मात्र संपवून जा."

एकदा एक तरुण आला होता. बॅग खाली टेकवायच्या आधीच म्हणाला, "इथे इंटरनेट कुठे मिळतं?"

टँटीने अंगणातल्या माडाकडे बोट केलं. "त्याच्या शेंड्यावर."

तो बिचारा खरंच वर बघत राहिला. आल्बन म्हणाला, "चढू नको रे बाबा, गंमत करतेय ती. ह्या गावात कुठेच नाही." तो पोरगा हसला, आणि हसला म्हणून त्याला खोली मिळाली. बारा दिवस राहिला.

आणि मिस्टर नॉर्मन आणि मिस हिल्डा. इंग्लंडातल्या डार्बीचं जोडपं. तो पोस्टात होता, ती शाळेत शिकवायची. पहिल्यांदा आले तेव्हा दोघांची निवृत्ती नुकतीच झाली होती. त्यानंतर ओळीने सतरा वर्षं दर फेब्रुवारीत ते त्याच खोलीत राहिले, प्रत्येक वेळी पूर्ण महिना. नोव्हेंबरात हिल्डाचं पत्र यायचं, त्यात बोटीची तारीख. टँटी उत्तर पाठवत नसे. पत्र आलं की खोली त्यांची, यात लिहायचं काय? अनामत नाही, पावती नाही. मधल्या काळात कुणी सोन्याची नाणी ओतली असती तरी फेब्रुवारीत ती खोली दुसऱ्याला मिळाली नसती. टँटीचे बाकीचे बहुतेक पाहुणेही त्या दोघांच्या सांगण्यावरून यायचे. कुणी हिल्डाची बहीण, कुणी नॉर्मनच्या पोस्टातला मित्र, त्या मित्राचे शेजारी. टँटीचं घर कुठल्याही पडद्यावर नव्हतं. ते डार्बीच्या लोकांच्या तोंडी होतं.

नॉर्मन आणि आल्बन यांची दोस्ती तर बघण्यासारखी. दोघेही कमी बोलणारे. दुपारभर होडी बांधायच्या छपराखाली बसायचे, एक रंधा मारायचा आणि दुसरा भुसा झाडायचा. तासाने नॉर्मन म्हणायचा, "वारा फिरला." आणखी तासाने आल्बन म्हणायचा, "फिरला खरा."

तीन वर्षांपूर्वी आल्बन गेला. नॉर्मन नंतरच्या फेब्रुवारीत आला तेव्हा दुपारी एकटाच त्या छपरात जाऊन बसायचा.

आमच्याकडे माणूस पुरला म्हणजे त्याचं सगळं आटोपलं असं होत नाही. थडग्यावर शिळा बसते ती काही वर्षांनी, परदेशातली पोरं-नातवंडं जमतील तेव्हा. त्या दिवशी जेवणावळ, ढोल, सगळं काही. शिळा बसेपर्यंत तो माणूस घराच्या आसपासच असतो. स्वप्नात येतो, काही हवं-नको सांगतो. आल्बनची शिळा टँटीने गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ओतून घेतली. सिमेंटची, वर काळ्या रंगाने नाव. मुलगी मर्ल टोरोंटोहून पुढच्या ईस्टरला येईल तेव्हा बसवायची, असं ठरलं. तोवर शिळा होडीच्या छपरात ठेवली होती.

मग जुलैत वादळ आलं.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही पाहिलं त्याला सांगून कळणार नाही. सकाळी गाव होतं, दुपारी नव्हतं. गावात पाहुणे उतरवणारी सहा घरं होती. पाचांचे फक्त चौथरे राहिले. टँटीच्या तीन सरळ खोल्या गेल्या, तिची स्वतःची झोपायची खोली गेली, होडीचं छप्पर गेलं. बाकाच्या खोलीचे पत्रे उडाले, पण भिंती आणि आतली ती वाकडी फळ्यांची कमान उभी राहिली. आल्बनला सरळ बांधता येत नव्हतं म्हणून. टेकडीवरचं नवं हॉटेल सिमेंटचं. त्याच्या काही काचा फुटल्या, आणि दोन महिन्यांत त्यांनी दिवे लावले.

छपरांसाठी मदतीचे पत्रे आले तेव्हा वाटपाच्या समितीत मी होते. कुणाला किती, यावरून रोज भांडणं. टँटीच्या वाट्याला एका खोलीपुरते पत्रे आले. मी स्वतः नेऊन टाकले अंगणात.

"उद्या माणसं आणते," मी म्हटलं. "आधी तुझ्या झोपायच्या जागेवर घालू."

"समुद्राकडच्या खोलीवर घाला."

"टँटी, त्र्याहत्तर वर्षांची आहेस. स्वयंपाकघरात ताडपत्रीखाली झोपतेस. पाहुण्यांचं कसलं कौतुक?"

"फेब्रुवारी येईल ना," ती म्हणाली. "आला की कुठे ठेवू त्यांना? ताडपत्रीखाली?"

मी पाय आपटत निघाले, पण पत्रे तिने सांगितले तिथेच बसले.

टोरोंटोहून मर्लचा फोन यायचा, आणि टँटीला ऐकू कमी येतं म्हणून तो सगळ्या गल्लीला ऐकू यायचा. "मम्मी, पुरे झालं आता. इकडे ये. इथे तुझी वेगळी खोली आहे, डॉक्टर आहे, छप्पर आहे."

"तिथे माझं घर आहे का?"

"घर म्हणजे काय गं? एका खोलीला घर म्हणतेस?"

"एका खोलीनेच सुरू झालं होतं."

शेवटी मायलेकींचा करार झाला. नॉर्मन आणि हिल्डा फेब्रुवारीत आले, नेहमीसारखे महिनाभर राहिले, म्हणजे घर चालतंय, टँटी जगू शकते. मग मर्ल पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही राहिले, तर ईस्टरला आल्बनची शिळा बसवायची आणि टँटीने मर्लबरोबर जायचं. टँटीने मान्य केलं. तिला खात्री होती. नोव्हेंबरात हिल्डाचं पत्र आलं, तारखेसकट. ते तिने सगळ्या गावाला वाचून दाखवलं.

आता शिळेचं सांगते.

छप्पर उडाल्यापासून शिळा अंगणात उघड्यावर पडली होती. डिसेंबरात ओळीने पाऊस लागला आणि नावाचा काळा रंग ओघळायला लागला. त्या आठवड्यात आल्बन टँटीच्या स्वप्नात आला. "ओला चिंब होता," तिने मला सांगितलं. "काही बोलला नाही. नुसता शर्ट पिळत होता."

अशा स्वप्नाला आमच्याकडे कुणी हसत नाही. मी तिघांना बोलावून आणलं, चौथी मी.

"कुठे ठेवायची पण?" टँटी म्हणाली.

"कोरडी जागा एकच आहे," मी म्हटलं. "समुद्राकडची खोली."

तिने त्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "तिथे पाहुणे येतील."

"कोणते पाहुणे? नॉर्मन ना? तो तर आल्बनचा दोस्त. त्याला आनंदच होईल. आणि ही खोली कुणी बांधली? त्याने. मग त्यालाच तिथे जागा नाही?"

हे माझे शब्द. टँटीचे नाहीत. तिच्या मनात शंका होती आणि मी ती बोलून बोलून घालवली. बोलण्यात मला कुणी हरवत नाही.

भिंतीलगत बाकडं टाकलं, त्यावर शिळा निजवली, वर धुतलेली पांढरी चादर. उशाशी पाण्याचा पेला. खोली छान दिसत होती हो. आम्हाला खरंच छान दिसत होती. घरातली सगळ्यात चांगली, सगळ्यात कोरडी जागा आम्ही घरच्या माणसाला दिली होती. शिळा एकदा राहत्या घरात घेतली की ती बाहेर पडते ती थेट थडग्याकडे. कारण ती उचलली म्हणजे माणूस निघाला, आणि निघालेल्या माणसाला परत आत घ्यायचं नसतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला दुपारच्या बोटीने ते आले. मी तेव्हा हिल्सबरोला बाजारात होते. संध्याकाळी चारच्या सुमाराला परत येत होते, तर वाटेत कथबर्ट टॅक्सीवाला भेटला. त्याने गाडी थांबवली, काच खाली केली.

"काय गं पुढारीण, ऐकलंस का? तुझ्या टँटीचे गोरे वर गेले."

"कुठे वर?"

"स्वर्गात नव्हे. हॉटेलात. बॅगांसकट. मीच सोडून आलो. खोलीत शिळा बघितली आणि बाईचा चेहरा कागद झाला म्हणे."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. सतरा वर्षं, आणि शेवटी वर. त्याच हॉटेलात, ज्याच्या कुंपणापुढे मी भर उन्हात अकरा दिवस बसले होते. टँटीचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं. मी तिकडे जायला हवं होतं. मी टेकडी चढले.

फाटकावरचा पहारेकरी आमच्याच गावचा. मला बघून उभाच राहिला. "व्हर्नाताई, आज पुन्हा कुंपण?"

"आज माणसं. बाजूला हो."

झाला बाजूला.

ते दोघं गच्चीवर बसले होते. नॉर्मन खुर्चीत, त्या उन्हातही अंगात लोकरीची बंडी. बारीक झाला होता, ते मला दिसलं होतं. दिसलं होतं हे मी नाकारत नाही. पण बघायला थांबले नाही.

"व्हर्ना!" हिल्डा उठली. "बरं झालं आलीस, मी—"

"बसा तुम्ही. मला चहा नको. सतरा वर्षं तिच्या हातचं खाल्लंत. डोक्यावर छप्पर नसताना त्या म्हातारीने तुमच्या खोलीवर पत्रे घातले. स्वतः ताडपत्रीखाली झोपली. आणि तुम्ही काय केलंत? एक चादर उचलून बघितली आणि पळालात?"

"अगं, ऐक तर, आम्ही फक्त—"

"आल्बनच्या हातची खोली चालते. आल्बनच्या घरचा रस्सा चालतो, आल्बनच्या होडीत फिरायला चालतं. नुसता आल्बन तेवढा चालत नाही. जिवंत असताना दोस्त, मेल्यावर घाण?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. त्याने मला आणखी चेव चढला. मी त्यांनाही ऐकू जाईल असं बोलले. ह्या बेटावर येऊन बेटाला न शिवता परत जायचं असेल तर ही जागा उत्तम आहे, तुमची निवड योग्य आहे, असं काहीबाही. टाळ्या मिळतील असं बोलायची सवय लागली की माणूस समोर कोण बसलंय ते विसरतो.

नॉर्मनने खुर्चीच्या हातावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. अर्धा उठला आणि परत बसला.

"तिचं बरोबर आहे, हिल्डा," तो म्हणाला. अगदी हळू.

मला वाटलं, मी जिंकले. त्याच तोऱ्यात मी टेकडी उतरून टँटीच्या अंगणात शिरले.

अंगणात माणसं होती. बाकाच्या खोलीचं दार सताड उघडं आणि आतलं बाकडं रिकामं. टँटी फडकं घेऊन फरशी पुसत होती. पायरीवर पापा एझ्रा बसले होते. गावातल्या शिळांचं, ढोलाचं, सगळं काय-कसं त्यांनाच विचारायचं असतं. शिवाय आल्बनचे ते चुलतभाऊ.

"शिळा कुठे गेली?" मी विचारलं.

"माझ्या घरी," पापा एझ्रा म्हणाले. "रक्ताच्या नात्यात नेता येते. वाटेत जमिनीला टेकवायची नाही, एवढंच. चौघांनी नेली, आता ठेवून आलो. आल्बनला सांगितलंय, दोन गल्ल्या पलीकडे आहेस, रागावू नको."

"पण ते तर वर गेले!"

"मीच पाठवलं त्यांना," टँटी म्हणाली. फडकं पिळून तिने दोरीवर टाकलं. "आज एका दिवसापुरतं. शिळा हलवायला वेळ हवा होता ना. उद्या सकाळी येणार आहेत."

मी हातातली बाजाराची पिशवी खाली ठेवली.

"हिल्डा स्वयंपाकघरात आली होती," ती पुढे म्हणाली. "रडली गं. नॉर्मनची ऑक्टोबरात छाती उघडली. डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही, हा उन्हाळा बघेल की नाही सांगता येत नाही, एवढंच. त्याला आणखी एकदा इथे यायचं होतं. म्हणाली, उर्सिला, तुमची रीत मला कळते, आल्बन मलाही भावासारखा होता, पण ह्या माणसाला मी थडग्याच्या दगडाशेजारी कशी झोपवू? रोज सकाळी डोळे उघडले की त्याला तेच दिसणार." टँटीने दोरीवरचं फडकं सरळ केलं. "हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. चादरीखाली जे आहे ते आपल्याला घरचं माणूस वाटतं. तिला ते दुसरंच काही वाटलं. चूक नाही तिची."

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. टेकडी चढून-उतरून माझा श्वास अजून बसला नव्हता.

"तू कुठून येतेस व्हर्ना?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. शेजारच्या टेबलांचंही.

पापा एझ्रा उठले, टोपी घातली आणि निघून गेले. टँटी पायरीवर बसली. मला वाटलं ओरडेल. मला ओरडून हवं होतं, मग मी तोडीस तोड ओरडले असते आणि प्रकरण मिटलं असतं.

"आधी इकडे यायचं होतंस गं," ती म्हणाली. "पाच मिनिटं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्या चादरी घातल्या. अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाही. मी म्हटलं, मी वर जाते, पाय धरते त्यांचे. ती म्हणाली, "तू नको." तिने चर्चचा निळा झगा घातला, टोपी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेली. मला बिनविरोध सोडणाऱ्या पहारेकऱ्याने तिला पंधरा मिनिटं उभं ठेवलं. कुणाकडे आलात, खोली क्रमांक काय, वरून विचारून सांगतो. टँटीने हे मला सांगितलं नाही. त्यानेच नंतर मान खाली घालून सांगितलं.

हिल्डा खाली आली. दोघी बागेतल्या बाकावर बसल्या. नॉर्मन आला नाही. त्याने निरोप दिला होता. तो म्हणत होता की, व्हर्ना बोलली ते खरं आहे, मी आल्बनला भ्यालो. आता त्या घरात कुठल्या तोंडाने जाऊ? हिल्डाने त्याला खूप समजावलं होतं. पण जास्त जोर करायची तिला भीती वाटत होती. छातीवर ताण आलेला चालणार नव्हता.

"त्याला सांग, आल्बन दोन गल्ल्या पलीकडे आहे," टँटी म्हणाली. "खोली रिकामी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो."

"सांगते," हिल्डा म्हणाली.

चौथ्या दिवशी ते सकाळच्या बोटीने गेले. महिन्यासाठी आले होते. धक्क्यावर पोचेपर्यंत बोट सुटली होती, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी वेळेत पोचले होते आणि मासळीच्या ओट्यामागे उभी राहिले. नॉर्मन कठड्याला धरून किनाऱ्याकडे बघत होता. टँटी धक्क्यावर हात हलवत होती. त्याने टोपी काढली, आणि बोट वळेपर्यंत ती परत डोक्यावर ठेवली नाही.

त्या रविवारी मर्लचा फोन आला. आम्ही तिघी-चौघी ओसरीवर होतो.

"आले का मम्मी ते?"

"आले होते."

"खोलीत आहेत ना?"

टँटीला खोटं बोलता येत नाही असं नाही. नको असलेल्या पाहुण्याला 'खोल्या भरल्या आहेत' असं तिने हजारदा हसत सांगितलं असेल. पण त्या दिवशी तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली, "नाही. वर उतरले होते. गेले परत."

मग मर्ल म्हणाली, "बरं. मग ईस्टरला येते मी."

मी फोन हिसकावून घेतला. "मर्ल, ही माझी चूक आहे. तिची नाही. मी जाऊन बोलले त्यांना. करार धरू नकोस. मी दुसरे पाहुणे आणते, मी स्वतः पडद्यावर टाकते घर, फोटो काढते—"

"व्हर्ना," मर्ल म्हणाली, "तू बोलली नसतीस तर ह्या वर्षीचा फेब्रुवारी निघाला असता. पुढच्या फेब्रुवारीला नॉर्मन असता का?"

मी फोन टँटीच्या हातात दिला. मर्ल मला सोडवत होती की टोचत होती, हे अजून कळलेलं नाही.

हिल्डाला मी पत्र लिहिलं. शाळा पाचवीत सुटली माझी. बाकीचं सगळं मी वर्तमानपत्रांतून आणि सरकारी कागदांतून शिकले, त्यामुळे माझं इंग्रजी अर्जासारखं येतं. तीनदा फाडलं, चौथं पाठवलं. उत्तर आलं नाही.

ईस्टरला मर्ल आली, सोबत दोन नातवंडं. पापा एझ्रांच्या घरून शिळा निघाली. चौघांनी उचलली, मागे सगळं गाव. दोन बोकड कापले, कुकू, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि वाटाण्याचा भात रांधला. दुपारपासून ढोल वाजला. टँटी नाचली. आमच्याकडे नवऱ्याच्या शिळेला बायकोला नाचावं लागतं. पण तिचे पाय ढोलाच्या मागे पडत होते. ती जेवणावळ आल्बनची होती आणि टँटीचीही, हे पंगतीतल्या प्रत्येकाला कळत होतं, म्हणून कुणी ते बोललं नाही. एकच म्हातारा, त्याला जॅक आयर्न रम चढली होती, तो टँटीचा हात धरून म्हणाला, "उर्सिला, तिकडे मेलीस तर तुझी शिळा इथेच बसवू हं." मर्लने त्याला बाजूला नेलं. टँटी म्हणाली, "राहू दे त्याला. खरं बोलणारा तो एकटाच आहे."

सोमवारी बोट. धक्क्यावर तिच्याजवळ एकच पेटी होती, आणि अंगावर मर्लने आणलेला जाड कोट. आमच्या उन्हात तो कोट बघवत नव्हता.

"काढ तो," मी म्हटलं. "शिजशील."

"पेटीत मावत नाही," ती म्हणाली. मग मला जरा बाजूला घेतलं. "व्हर्ना, मला सांग. कुणी माणसं आली, डार्बीची किंवा आणखी कुठली, आणि माझं घर विचारलं, तर काय सांगशील?"

"सांगेन, बंद आहे."

"आणि?"

"आणि काय? बंद म्हणजे बंद."

"पेटी घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाला बंद आहे म्हणून पाठ फिरवशील? गावात आता दुसरं घर आहे का उतरायला?"

"नाही."

"मग कुठे पाठवशील?"

मला कळत होतं ती काय म्हणायला लावते आहे. मी समुद्राकडे बघितलं. म्हटलं, "टँटी, ते मी करणार नाही. त्या हॉटेलाविरुद्ध—"

"ते तुझं आणि हॉटेलाचं," ती म्हणाली. "उन्हात उभ्या माणसाचा त्यात काय संबंध?"

बोटीचा भोंगा झाला. मर्लने तिचा दंड धरला. तिने वचन मागितलं नाही आणि मी दिलं नाही. फळीवरून चढताना कोट तिच्या पायात येत होता.

जूनमध्ये एक जोडपं आलं. तरुण होतं. हातातल्या चिठ्ठीवर टँटीचं नाव होतं. हिल्डाबाईंनी दिली म्हणाले, जुनी चिठ्ठी आहे, दोन वर्षांपूर्वीची. मी बाजारातून येत होते. त्यांच्या पायाशी पेट्या होत्या आणि बाईचं नाक ऊन लागून लाल झालं होतं. मी त्यांना बंद दार दाखवलं. मग टेकडीकडे बोट केलं आणि म्हटलं, वर हॉटेल आहे, ह्या वाटेने जा.

"चांगलं आहे का?" त्या बाईने विचारलं.

म्हटलं, "मी कधी राहिले नाही."